स्कोअरबोर्डकडे पाठ करून बसा: बेसबॉल स्काउट होऊ पाहणाऱ्यांसाठी

ओहायोत मार्च महिन्यात संध्याकाळी चारच्या सुमाराला शाळेच्या मैदानावर जे वारं सुटतं, ते दोन स्वेटरांना दाद देत नाही. होम प्लेटमागच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेमागच्या) जाळीपाशी पंधरा-वीस माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली असतात. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात मागे गेला की सगळ्यांच्या वेग मोजणाऱ्या रडार गन एकदम वर. चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या मिटमध्ये (जाड हातमोज्यात) थाडकन बसला की सगळ्यांच्या माना एकदम खाली, आकडा वहीत. पुन्हा गन वर. शाळेतली पीटीची कवायत आठवावी असा हा प्रकार. मैदानावर खेळणाऱ्या पोराचं वय सतरा, आणि त्याच्या आईच्या चेहऱ्यावर बोर्डाच्या निकालाच्या दिवशीची कळा.

मी मूळचा साताऱ्याचा. दिवसा विमा कंपनीत आकडेमोड करतो आणि गेले अकरा वसंत मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉल लीगमधल्या, एका क्लबसाठी असोसिएट स्काउट म्हणून फिरतो. क्रिकेटपलीकडे काही न पाहिलेला माणूस इथे कसा पोचला? मुलगा लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये खेळायला लागला, आणि शेजारी नातवाचा खेळ पाहायला आलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, तुम्ही सारखं घड्याळ कशाला दाबताय? तो माणूस पस्तीस वर्षं स्काउट होता. हल्ली आमच्या मंडळातली कॉलेजातली पोरंपोरी गणपतीत गाठून विचारतात, "काका, यात शिरायचं कसं?" प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी मला स्कोअरबोर्डकडे पाठ करून बसवलं. आज कोण चांगलं खेळलं हे सांगायला पेपरवाले आहेत, तो म्हणाला. सतराव्या वर्षी समोर उभं असलेलं शरीर चोविसाव्या वर्षी काय करेल, ते आकड्यात लिहून खाली सही करायची, हे आपलं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी पहिली: शिडी ओळखा

मेजर लीगचे क्लब 30. प्रत्येकाची स्काउटांची उतरंड साधारण सारखी. तळाशी असोसिएट, म्हणजे मी. जुन्या भाषेत याला 'बर्ड डॉग' म्हणतात, शिकाऱ्याला पाखरू कुठे बसलंय ते दाखवणारा कुत्रा. नाव फार मानाचं नाही, आणि पगारही बहुधा नसतो. वर एरिया स्काउट, खरा फिरस्ता. त्याच्याकडे एक मुलूख असतो: कॅलिफोर्नियासारखं खेळाडूंनी खच्चून भरलेलं राज्य असेल तर त्याचा एखादा तुकडा, मैदानं विरळ असतील तिथे चार-पाच राज्यं. त्याने नाव कळवलं की क्रॉसचेकर येऊन खात्री करतो, आणि शेवटी स्काउटिंग डायरेक्टर स्वतः येऊन बघतो.

हे सगळं ड्राफ्टसाठी. 1965 पासून चालत आलेली ही पद्धत. क्लब आळीपाळीने खेळाडू निवडतात. हल्ली ड्राफ्ट जुलैमध्ये होतो आणि त्याच्या 20 फेऱ्या असतात, म्हणजे देशभरातून सहाशेहून थोडी जास्त नावं. शाळा संपवलेला मुलगा चालतो; चार वर्षांच्या कॉलेजात गेला की तिसरं वर्ष पुरं व्हावं लागतं किंवा एकविशी गाठावी लागते; शाळेनंतरच्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातला कधीही. निवडलेल्यांतले बहुतेक मेजर लीगचं मैदान तिकीट काढूनच बघतात.

डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलाकडची मुलं ड्राफ्टमध्ये येत नाहीत. त्यांच्याशी सोळाव्या वर्षीच करार होतात, आणि तो हंगाम दर वर्षी 15 जानेवारीला उघडतो. ते जग वेगळं, तिथे स्पॅनिश हवी. व्यावसायिक संघांतले खेळाडू पाहणारे प्रो स्काउटही निराळे. नवख्याने आपल्या जवळच्या शाळा-कॉलेजांपासून सुरुवात करावी.

पायरी दुसरी: लवकर जा, आणि जागा बदला

सामना चारला असेल तर तुम्ही अडीचला हजर पाहिजे. खरं पाहण्यासारखं सामन्याआधीच घडतं. सामन्यात शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक; बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे) कदाचित दोनच चेंडू जातील, तेही सरळ हातात. सरावात तो वीस घेईल: उजवीकडे खोलवर जाऊन, धावत येऊन, उलट्या हाताने. तिथे त्याचे पाय, त्याचे हात, पहिल्या बेसकडे जाणारा त्याचा थ्रो दिसतो. बॅटिंगचा सरावही बघा, पण जपून. सरावाच्या संथ चेंडूंवर कुंपणापार मारणारे आणि सामन्यात गारठणारे पुष्कळ असतात. स्काउट त्यांना 'पाच वाजताचा बॅटर' म्हणतात, कारण सातच्या सामन्याआधी सराव पाचला असतो.

मग जागा. रडार गनसाठी होम प्लेटच्या बरोबर मागेच बसावं लागतं. बाजूने धरलेली गन वेग कमी दाखवते. पण सगळा वेळ तिथेच बसून राहाल तर निम्मा खेळाडू दिसणार नाही. उजव्या बॅटरची छाती पहिल्या बेसकडे असते, म्हणून त्याचे हात बघायला पहिल्या बेसच्या बाजूला जा. उजवा पिचर तिसऱ्या बेसकडे तोंड करून उभा राहतो, त्याच्यासाठी तिसऱ्या बेसकडे. डावखुऱ्यांचं उलट. आमच्याच ओहायोतला फिलाडेल्फिया फिलीजचा स्काउट टोनी लुकाडेलो मैदानाभोवती असाच फिरत राहायचा, आणि बघायचा ते आधी पाय. माइक श्मिट त्यानेच हेरला. त्याच्या गोष्टी इथल्या जुन्या कोचांकडून आजही ऐकायला मिळतात.

माझी पहिली घोडचूक याच पायरीवरची. दुसऱ्या वर्षी मी एका आउटफिल्डरला (मैदानाच्या लांबच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाला) पाहायला दोन तास गाडी हाकून गेलो. पोरगं चार वेळा बॅटिंगला आलं आणि तीनदा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. मी वहीत काट मारली. रात्री म्हाताऱ्याचा फोन. "हात कसे होते?" मी म्हटलं, चेंडूच लागला नाही. "ते नाही विचारलं. हात कसे होते? कुठल्या चेंडूंवर चुकला?" मला सांगता येईना, कारण मी निकाल पाहत होतो. दोन वर्षांनी तो मुलगा दुसऱ्या क्लबने कॉलेजातून वरच्या फेरीत उचलला. वहीतली ती काट अजून आहे.

पायरी तिसरी: अंगठा तयार करा

स्टॉपवॉच वीस-तीस डॉलरला मिळतं. ते फोनवर नको, खरं बटणाचं घ्या. काचेवर अंगठा उशिरा उठतो. मोजायच्या गोष्टी मोजक्याच.

बॅटवर चेंडू लागल्याच्या आवाजाला बटण दाबा, पाऊल पहिल्या बेसला लागलं की थांबवा. अंतर 90 फूट. उजव्या बॅटरला 4.3 सेकंद आणि डाव्याला 4.2 म्हणजे मेजर लीगची सरासरी. डावा बेसच्या जवळ उभा असतो, म्हणून हा फरक. पण तो जीव तोडून धावला का ते आधी बघा. हातात गेलेल्या सोप्या चेंडूवर रमतगमत धावलेल्याची वेळ लिहून काही उपयोग नाही. मात्र तो रमतगमत धावला, ही नोंद जरूर करा.

कॅचरसाठी 'पॉप टाइम': चेंडू त्याच्या मिटमध्ये बसल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या माणसाच्या ग्लोव्हमध्ये बसेपर्यंत. 2.0 सेकंद सरासरी. सामन्यात कोणी बेस चोरायला (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे) धावलंच नाही तरी डावांच्या मधल्या सरावात कॅचर एकदा तो थ्रो करतोच, त्या वेळी सगळ्या स्काउटांचे अंगठे तयार असतात आणि नवखा हॉटडॉगच्या रांगेत असतो.

साठ यार्डांची धाव शोकेसमध्ये (स्काउटांसमोरच्या चाचणीत) घेतात, 6.7 ते 6.9 सेकंदांत असेल तर सरासरी धरा.

रडार गन महाग असते, सुरुवातीला घेऊ नका. शेजाऱ्याला आकडा विचारला तर कोणी नाही म्हणत नाही. फास्टबॉलचा (जोरात टाकलेल्या सरळ चेंडूचा) सर्वांत मोठा आकडा मिरवायला असतो. तुम्ही लिहायचा तो नेहमीचा पट्टा, आणि पाचव्या डावातला पट्टा. पहिल्या डावात ताशी 93 मैलांचा चेंडू टाकून पाचव्यात 86 वर आलेला आणि 90 पासून 90 वरच राहिलेला, हे दोन निराळे पिचर आहेत.

अंगठ्याचा रियाज घरी करा. टीव्हीवर सामना लावा, शंभर वेळा मोजा. तोच प्रसंग पुन्हा मोजल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक येत असेल तर अजून शंभर वेळा.

पायरी चौथी: 20 ते 80 मध्ये विचार करायला शिका

बेसबॉलमध्ये खेळाडूला शंभरपैकी गुण देत नाहीत. मोजपट्टी 20 ते 80. 50 म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. आपल्या शाळेतला नव्हे, मेजर लीगमधला! नवखे इथे हमखास घसरतात. शाळेत सगळ्यांना पुरून उरणारा मुलगा आजच्या घडीला 30 किंवा 35 चा असतो. 60 म्हणजे उठून दिसेल असा, 70 म्हणजे सगळ्या लीगमध्ये मोजके, 80 कधीतरी आयुष्यात लिहायला मिळतो.

बॅटरची पाच हत्यारं मोजतात: चेंडू बॅटवर घेणं, ताकद, वेग, हात, क्षेत्ररक्षण. पिचरचा प्रत्येक चेंडू वेगळा मोजायचा आणि वर त्याचा ताबा. प्रत्येकाला दोन आकडे, आजचा आणि पुढचा. स्काउटाचं पोट या दोन आकड्यांमधल्या अंतरावर चालतं.

एक नमुना देतो, खरा मुलगा नाही, पण माझ्या वहीत असे पुष्कळ आहेत:

"उजवा पिचर, वय 17, उंची 6 फूट 3 इंच, 180 पौंड. खांदे रुंद, पाय लांब, अंगावर अजून वीस पौंड सहज चढतील. फास्टबॉल 88 ते 91, एकदा 93, पाचव्या डावात 86-88. आज 40, पुढे 55. कर्व्ह (वळणारा चेंडू) हातातून सुटतानाच वर उसळतो, चांगला बॅटर ओळखेल. पण दोन असे पडले की बॅटरचे गुडघे वाकले. आज 35, पुढे 50. चेंजअप (फसवा संथ चेंडू) दोनच, दोन्ही मातीत. पुढचा पाय दर वेळी वेगळ्या जागी पडतो, म्हणून ताबा नाही. शॉर्टस्टॉपच्या हातून सोपा चेंडू सुटला, बेसेस भरल्या. याने वळून त्याच्याकडे पाहिलं नाही, ग्लोव्हने नुसती मांडी थोपटली आणि पुढचा चेंडू टाकला. सहा फेऱ्यांच्या आत घ्यावा."

शेवटचं वाक्य बघा. ते लिहायला सगळ्यात जास्त धाडस लागतं. नवीन माणूस घाबरून सगळ्यांना 45-50 देतो आणि "क्षमता आहे, लक्ष ठेवावं" असं लिहून मोकळा होतो. असला अहवाल कोणी वाचत नाही. चुकलात तरी चालेल, पण घ्यायचा की नाही ते सांगा. सगळेच चुकतात. माइक पियाझा 1988 च्या ड्राफ्टमध्ये 62 व्या फेरीत, 1390 वा गेला आणि महान खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचला. अल्बर्ट पुहोल्स 1999 मध्ये तेराव्या फेरीत. होजे अल्तुवेला व्हेनेझुएलात निवड चाचणीतून बुटका म्हणून घरी पाठवलं होतं. पोरगं दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ह्यूस्टनने त्याला 15,000 डॉलरला घेतलं.

पायरी पाचवी: स्थळ पाहायला जाता तसे जा

शरीर पुढे कसं भरेल हे कळायचा सोपा मार्ग म्हणजे स्टँडमध्ये बसलेले आईबाप आणि थोरला भाऊ. हे ऐकून नव्या पोरांना हसू येतं, पण आपल्याला ते सांगायला नको. स्थळ पाहायला गेलेली आत्या जशी चहा घेता घेता चारी बाजूंनी घर न्याहाळते, तसं हे काम. मुलाबद्दल मुलाच्या कोचला विचारलंत तर तो गुणच गाणार. समोरच्या संघाच्या कोचला विचारा. मैदानाची माती ओढणाऱ्या माणसाला विचारा, बसच्या ड्रायव्हरला विचारा. हरल्यावर सामानाची पिशवी कोण उचलतं, ते बसमध्ये चढताना दिसतं.

घरी बैठक असते ती एरिया स्काउटाची, तुम्ही सोबत गेलात तर गप्प बसा. तिथे ठरवायचं असतं की हा मुलगा सही करेल का आणि कितीला. कॉलेजची शिष्यवृत्ती हातात असलेला मुलगा कमी पैशांत येणार नाही, आणि ते आधी कळलं नाही तर क्लबची एक फेरी वाया जाते. पैशांबद्दल एक अक्षरही आपल्या तोंडून जाऊ देऊ नका. असोसिएटला तो अधिकार नाही.

आणि वैद्यकीय तपासणी. कुमार रॉकर, ज्याची आई भारतीय वंशाची, त्याला न्यूयॉर्क मेट्सने 2021 मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडलं आणि तपासणीनंतर करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सने त्यालाच तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. एकाच हाताकडे दोन क्लब इतक्या वेगळ्या नजरेने बघू शकतात.

पायरी सहावी: रस्त्याची सवय करा

कॉलेजचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला दक्षिणेत सुरू होतो, आमच्याकडे तेव्हा बर्फ असतो. कॉलेजचा पहिल्या नंबरचा पिचर शुक्रवारी, दुसरा शनिवारी, तिसरा रविवारी, म्हणून शुक्रवार सोन्याचा. शाळांचे सामने मंगळवार-गुरुवारकडे. पण शाळेतला पिचर नक्की कधी टाकणार हे वेळापत्रकात नसतं, कोचला फोन करून विचारावं लागतं, आणि पाऊस आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळ्यात केप कॉड लीग, कॉलेजची मुलं जिथे लाकडी बॅटने खेळतात. एरवी त्यांच्या हातात धातूची बॅट असते, त्यामुळे तिथे खरी कसोटी. ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातल्या ज्युपिटरला मोठी स्पर्धा. स्काउट गोल्फच्या गाड्यांतून एका मैदानावरून दुसऱ्यावर पळत असतात.

थंड राज्यांची गंमत अशी की तिथली मुलं कमी दिसतात. न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा माइक ट्राउट 2009 मध्ये 25 वा निवडला गेला. त्याला घेणाऱ्या एंजल्स क्लबचा तिथला स्काउट ग्रेग मोरहार्ट एके काळी त्याच्या वडिलांबरोबर खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये खेळलेला होता, त्याला ते घराणंच माहीत. आत्याचा मुद्दा पुन्हा आला बघा.

एरिया स्काउट वर्षाला तीस-चाळीस हजार मैल गाडी चालवतो यात नवल नाही. मोटेलच्या पॉइंटांवर लग्नाच्या वाढदिवसाच्या सहली होतात, पण लग्नाचा वाढदिवस मात्र बहुधा चुकतो. शेजारी बसलेले दुसऱ्या क्लबचे स्काउट हेच तुमचे मित्र. त्यांच्याबरोबर जेवा, हवामान आणि रस्ते बोला, खेळाडूबद्दलचं मत चुकूनही नको. मी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. चार दिवस टिकतं आणि पेट्रोल पंपावरच्या सँडविचपासून सुटका. इंडियानाकडचा एक स्काउट आता मला बघितला की आधी डब्याकडे बघतो.

पायरी सातवी: दार कुठलं ठोठवायचं

आधी पन्नास अहवाल लिहा, कोणाला न दाखवता. मग त्यातले पाच निवडा. स्थानिक सामन्यात जाळीमागे बसलेला एरिया स्काउट सामना संपल्यावर खुर्ची मिटत असतो तेव्हा त्याच्याशी बोला, सामना चालू असताना नाही. एखाद्या अशा मुलाचं नाव द्या जो त्याने पाहिलेला नाही. त्याने जाऊन पाहिलं आणि तुमचं निम्मं जरी खरं निघालं, तर पुढचा फोन तोच करेल.

दुसरं दार क्लबच्या कचेरीतलं: व्हिडिओ, आकडेवारी, इंटर्नशिप. कोडिंग येणाऱ्या आपल्या पोरांना हे दार जास्त सोपं. मोठ्या मैदानांवर आता चेंडूचा फिरकीचा दर, बॅटवरून सुटतानाचा वेग सगळं यंत्रं मोजतात. त्यामुळे स्काउट कमी झाले हे खरंच आहे; 2020 च्या साथीत कितीतरी चांगल्या माणसांना घरी बसावं लागलं. माझं मत विचाराल तर यंत्र येऊ द्या. वहीतल्या त्या पिचरने मांडी थोपटली, ते कुठल्याही यंत्रात आलं नसतं.

मुलींनी मागे राहायचं कारण नाही. एडिथ हॉटन 1946 मध्येच फिलीजची स्काउट झाली होती.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर मानधन घेण्याआधी वकिलाला विचारा, 'छंद म्हणून करतोय' हे उत्तर तिथे चालत नाही.

"आपल्याकडे क्रिकेटमध्ये हात आहेतच की, तिथून पिचर का नाही आणायचे?" हा प्रश्न प्रत्येक मंडळात एक तरी काका विचारतात. 2008 मध्ये भारतात तशी शोध-स्पर्धा झालीच होती. निवडले गेले ते क्रिकेटपटू नव्हेत, उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. त्या वर्षाअखेर पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. मेजर लीगपर्यंत कोणी पोचलं नाही, पण भालाफेकीतला खांदा कामाचा ठरला. कोपर सरळ ठेवून टाकायची क्रिकेटची सवय इथे उलट आड येते.

पहिल्या शनिवारी काय करायचं ते सांगतो. जवळच्या ज्युनियर कॉलेजात दोन सामने लागोपाठ असतात, तिकीट बहुधा नसतंच. घडीची खुर्ची, स्टॉपवॉच, पेन्सिल (पेनाची शाई थंडीत गोठते), हातमोजे, ज्यांची उजव्या अंगठ्याची बोंडी कापलेली आहे. दोन्ही संघांतला एकच खेळाडू निवडा आणि तो बेंचवर बसलेला असतानाही त्याच्यावरून नजर हलवू नका. शेवटी कोण जिंकलं ते घरी गेल्यावर बायकोने विचारलं आणि सांगता आलं नाही, तर दुसऱ्या शनिवारी पुन्हा जा.